शनिवारचा सिनेमा आणि पावती

ए-१०३: काल क्लबहाऊसमध्ये सिनेमा कोणी लावला? आमचा धाकटा सारखा विचारत होता, गोळीबार कधी सुरू होणार?

बी-४०२: मीच, ताई. ‘द ऑक्स-बो इन्सिडन्ट’, १९४३, दिग्दर्शक विल्यम वेलमन. घोडे आहेत, पिस्तुलं आहेत, पण सव्वा तासातला बराचसा वेळ माणसं नुसती वाद घालतात.

सी-२०१: म्हणजे आपल्या सोसायटीची वार्षिक सभा, एजीएम 😄

बी-४०२: एजीएमला निदान कोरम लागतो. इथे शेरीफ, म्हणजे पोलीसप्रमुख, गावाबाहेर, जज्ज ओरडून सांगतोय की त्याच्या डेप्युटीला माणसं नेमायचा अधिकारच नाही, तरी डेप्युटी सगळ्यांना शपथ देऊन मोकळा. आणि ज्या किंकेडच्या खुनाचा बदला घ्यायला निघालेत त्याचं प्रेतही कोणी बघितलेलं नाही!

ए-६०१: मला हीरो पटला नाही. हेन्री फोंडासारखा नट घेतलाय आणि तो करतो काय? शेवटी फाशीविरुद्ध मत देणाऱ्या सात जणांत जाऊन उभा राहतो, बस्स.

बी-४०२: काका, मला तेच आवडलं. तो आणि त्याचा दोस्त गावात उपरे. संशय आपल्यावरच येईल म्हणून टोळीबरोबर निघालेले.

ए-६०१: आणि प्रेत बघितलं नाही म्हणजे पुरावाच नव्हता असं थोडंच आहे? गुरांवर किंकेडचा छाप, पकडलेल्या तिघांतल्या त्या मेक्सिकनकडे किंकेडचंच पिस्तूल, खरेदीची पावती नाही. खरं सांगू? रात्रीच्या त्या थंडीत मीही बहुमताच्याच बाजूला गेलो असतो.

डी-३०४ (खजिनदार): पावती घ्या, पावती घ्या म्हणून मी चार वर्षं ओरडतोय.

ए-१०३: दादा, त्या तिघांतला मार्टिन बिचारा सांगत होता ना, किंकेड बिल मागाहून पोस्टाने पाठवतो म्हणाला म्हणून! मला तर तो मेक्सिकन, अँथनी क्विनचा मार्टिनेझ, विसरता येईना. आधी इंग्रजी येत नसल्याचं सोंग. मग पायात गोळी लागल्यावर सुरी मागून घेतो आणि स्वतःच ती उकरून काढतो. मी उशी तोंडावर धरली होती.

सी-२०१: टँकर आला का?

डी-३०४ (खजिनदार): अकराला येतोय.

बी-४०२: फोंडाबद्दल एक सांगायचं राहिलं. १९१९ मध्ये अमेरिकेतल्या ओमाहात जमावाने विल ब्राऊन नावाच्या कृष्णवर्णीय माणसाला कोर्टातून ओढून मारलं. चौदा वर्षांचा फोंडा वडिलांच्या छापखान्याच्या खिडकीतून बघत होता. मध्ये पडलेल्या महापौरालाही जमावाने गळ्यात दोर घालून लटकवलं होतं, तो कसाबसा वाचला.

ए-६०१: हे माहीत नव्हतं. मी मूळचा धुळे जिल्ह्यातल्या साक्रीकडचा. २०१८ ला तिथल्या राईनपाड्यात जमावाने पाच जणांना ठार मारलं. मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागत फिरणारे. मोबाइलवर मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा होती. ग्रामपंचायतीच्या खोलीत घालून मारलं.

ए-६०१: तरी वर लिहिलेलं मागे घेत नाही. त्या रात्री मी काय केलं असतं ते सांगितलं, काय करायला हवं होतं ते नाही.

ए-१०३: काका 🙏

ए-१०३: आपल्याच ग्रुपवर गेल्या महिन्यात त्या रद्दीवाल्याचा फोटो आला होता. ‘सावध राहा’ म्हणून. मीच आईकडच्या ग्रुपवर पाठवला होता. तो गेली कित्येक वर्षं बाजूच्या गल्लीत येतो म्हणे.

सी-२०१: फोटो मी टाकला होता. मलाही दुसरीकडून आला होता.

डी-३०४ (खजिनदार): तो काल आला होता. वॉचमनने गेटवरूनच परत पाठवला. माझी सहा महिन्यांची रद्दी पडून आहे.

सी-२०१: मी वॉचमनशी बोलतो.

ए-१०३: शेवटचं पत्र वाचताना फोंडाचे डोळे दिसतच नाहीत, मुद्दाम ना? दोस्ताच्या टोपीची कड मध्ये येते.

बी-४०२: मुद्दामच असणार. मार्टिनने फाशीआधी बायकोला लिहिलेलं पत्र, बारमध्ये सगळे मान खाली घालून ऐकतायत, आणि आपल्याला फक्त फोंडाचे ओठ दिसतात.

ए-६०१: माझं लक्षच नव्हतं, मी चष्मा पुसत होतो. पुढच्या शनिवारी तेवढी शेवटची दहा मिनिटं परत लावा.