श्री. ना. पेंडसे यांना केवळ ‘प्रादेशिक’ म्हणावे का?

प्रश्न
‘तुंबाडचे खोत’चे दोन्ही खंड नुकतेच वाचून झाले आणि आता पेंडशांच्या आधीच्या कादंबऱ्यांकडे वळण्याचा विचार आहे. १९४९ मधील ‘एल्गार’पासून अनेक दशके सातत्याने लिहिणाऱ्या या लेखकाला ‘प्रादेशिक कादंबरीकार’ म्हणणे अपुरे वाटत नाही का? पुढे काय वाचावे?

प्रतिसाद १
अपुरे तर आहेच. पेंडसे मूळचे दापोलीजवळच्या मुर्डीचे, पण त्यांचे आयुष्य मुंबईत, बेस्टच्या नोकरीत गेले आणि ‘लव्हाळी’सारखी रोजनिशीच्या रूपातली मुंबईची कादंबरीही त्यांनी लिहिली. शिवाय कोकणातल्या कादंबऱ्यांतही त्यांना खरी ओढ आहे ती गावाच्या विरोधात उभ्या राहणाऱ्या एकट्या माणसाची. ज्याला गाव उनाड ठरवते तो ‘गारंबीचा बापू’ राधेशी उघडपणे संसार मांडतो आणि त्याच गावात स्वतःच्या हिमतीवर मोठा होतो. अशी माणसे कुठल्याही प्रदेशात जन्मतात.

प्रतिसाद २
थोडा मतभेद नोंदवतो. बापूचे बंड कळते ते गारंबीतली खोतांची, म्हणजे गावाचा शेतसारा वसूल करणाऱ्या वतनदारांची, सत्ता कळल्यावरच. ‘तुंबाडचे खोत’मध्येही जगबुडी नदीच्या काठावरच्या एका घराण्याचा चार पिढ्यांचा ऱ्हास आहे, आणि खोती नावाची व्यवस्था, जी १९४९ च्या कायद्याने संपली, ती वगळली तर त्या माणसांचा माज, त्यांची भीती आणि त्यांचे वैभव यांपैकी कशाचाच उलगडा होत नाही. प्रदेश हा पेंडशांच्या कथानकाचा कणा आहे, तेव्हा त्या विशेषणात मला तरी उणेपणा दिसत नाही. उणेपणा आहे तो ‘प्रादेशिक’ म्हणजे दुय्यम असे मानण्यात.

प्रतिसाद ३
दुसऱ्या प्रश्नाविषयी: आधी ‘हद्दपार’ (१९५०) घ्यावी. शाळेवर जीव ओवाळून टाकणारे राजेमास्तर अतिशय संयमाने रंगवले आहेत आणि ‘तुंबाड’च्या विस्तारानंतर हा संयम विशेष जाणवतो. त्यानंतर ‘गारंबीचा बापू’ (१९५२), आणि मग १९६३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली ‘रथचक्र’, जिच्यात नवऱ्याने वाऱ्यावर सोडलेली एक स्त्री मुलांच्या शिक्षणासाठी जिवाचे रान करते. माझ्या मते ही त्यांची सर्वांत कठोर कादंबरी आहे. ‘गारंबीची राधा’ मात्र ‘बापू’नंतर लगेच वाचू नये; ती त्यांनी सुमारे चार दशकांनी लिहिली, आणि मधल्या कादंबऱ्या वाचल्याखेरीज लेखकाच्या दृष्टीत पडलेला फरक लक्षात येणार नाही.