बातम्यांवर इंग्रजीत बोलायला शब्दांच्या याद्या पाठ करायच्या का?

शब्दवेडा: संभाषणाच्या वर्गात 'बातम्या आणि माध्यमे' विषयाची शंभरेक शब्दांची यादी मिळाली. बायलाइन (बातमीवरचं बातमीदाराचं नाव), स्कूप (इतरांआधी मिळवलेली बातमी), ब्रॉडशीट (मोठ्या आकाराचं वर्तमानपत्र)... घोकून घोकून पाठ केली. काल गटचर्चेत तोंडातून काय निघालं? 'आय हर्ड अ न्यूज.' तेही चूक! माझं मत: याद्या गुंडाळून ठेवा, रोज एक बातमी वाचा.

कानामात्रा: साफ अमान्य. ती चूक यादीची नाही, मराठीची. आपली बातमी मोजता येते: एक बातमी, चार बातम्या. इंग्रजीत 'न्यूज' शेवटी एस असून एकवचनी, मोजायची तर 'अ पीस ऑफ न्यूज'. आणि नुसतं वाचून मथळे कसे उमगणार? 'प्रोब' म्हणजे चौकशी. 'राउ' म्हणजे वाद, स्पेलिंग मात्र रांगेच्या 'रो'चंच. घडून गेलेलं वर्तमानकाळात, घडणारं 'टू' लावून: 'मिनिस्टर टू रिझाइन', म्हणजे राजीनामा देणार. ही वेगळीच बोली आहे, पाठ करावीच लागते.

शब्दवेडा: मथळ्यांच्या भाषेत बोलतं कोण? व्हॉइस ऑफ अमेरिका या अमेरिकी सरकारी रेडिओने १९५९ साली 'स्पेशल इंग्लिश' सुरू केलं. साधारण १५०० शब्दांत जगाच्या बातम्या सांगायचे, त्याही सावकाश. तेवढ्यात भागतं.

रात्रपाळी: ऐकणाऱ्याचं भागतं. तुम्हाला बातमीबद्दल बोलायचंय ना? मी भाषांतराच्या डेस्कवर आहे. आमची खरी भांडणं 'सेड' की 'क्लेम्ड' यावरून होतात. 'सेड' म्हणजे म्हणाले, बस्स. 'क्लेम्ड' लिहिलं की 'ते म्हणतात खरं, पण...' अशी छटा येते. 'अलेज्ड' म्हणजे कथित, अजून सिद्ध न झालेलं. 'रिपोर्टेडली' म्हणजे असं कळतं, पण आम्ही हमी घेत नाही. हे चार शब्द नीट वापरता आले की बातमीवर वाद घालता येतो. ब्रॉडशीट, टॅब्लॉइड नाही आले म्हणून काही अडत नाही. (टॅब्लॉइड हा मुळात एका औषध कंपनीचा १८८४ सालचा ट्रेडमार्क, दाबून छोट्या केलेल्या गोळ्यांचा. तिथून तो छोट्या आकाराच्या वर्तमानपत्रांना चिकटला. असलं काही असेल तर मीही आवडीने पाठ करतो.)

कानामात्रा: म्हणजे चार शब्दांची का होईना, यादीच झाली की!

शब्दवेडा: यादी नाही म्हणायचं तिला. बरं, रात्रपाळी, ते चारही शब्द एकेका वाक्यात घालून द्याल का? उद्या पुन्हा गटचर्चा आहे.