कुलवृत्तांताच्या तळटिपेत ऑनलाइन इंडेक्सचा आधार कसा लिहायचा? (नागपूर-कामठी शाखा)

धंतोली_शाखा

नमस्कार मंडळी. आमच्या कुलवृत्तांताच्या नव्या आवृत्तीसाठी नागपूर आणि कामठीच्या शाखा मी जुळवते आहे. जुनी माहिती बरीचशी ऑनलाइन मिळाली आहे. काही फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर आहे, त्यात काही नोंदींना प्रतिमा (जुन्या पानाचं छायाचित्र) आहे तर काहींना नुसता इंडेक्स, म्हणजे पानावरून टाइप केलेली नाव-तारखांची यादी. काही जिल्हा प्रशासनाने टाकलेल्या कोतवाल बुकाच्या (गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीच्या) पीडीएफमध्ये आहे. कामठी छावणीतल्या ख्रिस्ती शाखेची माहिती फिबिसच्या (ब्रिटिश काळातल्या भारतातल्या कुटुंबांचा शोध घेणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळाच्या) शोधात निघाली. संपादक मंडळातल्या काहींचं म्हणणं, ‘आधार : फॅमिलीसर्च’ एवढं पुरे. मला ते अपुरं वाटतं. तळटीप नेमकी कशी लिहायची? लिंक छापायची का? आणि फक्त इंडेक्सच पाहिला असेल तर ती नोंद घ्यावी की सोडून द्यावी?

इतवारी_दप्तर

ताई, तुमचं बरोबर आहे. ‘आधार : फॅमिलीसर्च’ म्हणजे एखाद्या उताऱ्याचा आधार म्हणून नुसतं ग्रंथालयाचं नाव देणं. कोणतं पुस्तक, कोणतं पान, काहीच कळत नाही.

जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच टिपेत यावं. इंडेक्स पाहिला तर इंडेक्स, प्रतिमा पाहिली तर प्रतिमा, रजिस्टर उघडलं तर रजिस्टर. इंडेक्सच्या पानावर बहुतेक वेळा फिल्मचा क्रमांक, कधी खंड आणि पानही दिलेलं असतं. ते उचलून ‘मृत्यू रजिस्टर, खंड अमुक, पान तमुक’ असं लिहिलं की वाचकाला वाटतं तुम्ही ते पान वाचलंय. इंडेक्स करणाऱ्याने १८९१ चं १८९७ वाचलं असेल, तर ती चूक आता रजिस्टरच्या नावावर छापली जाते आणि पुढचे सगळे तिथूनच उचलतात.

म्हणून टिपेचे दोन भाग करा. आधी तुम्ही पाहिलेलं, मग त्या संचाने (संकेतस्थळावरच्या नोंदींच्या संग्रहाने) स्वतःचा आधार म्हणून सांगितलेलं. नमुना :

‘संचाचं नाव (पानावर आहे तसंच, पूर्ण), इंडेक्स नोंद, फॅमिलीसर्च, अमुक वल्द तमुक, मृत्यू १८९१, मौजा अमुक, १२ जानेवारी २०२५ रोजी पाहिली, प्रतिमा पाहिलेली नाही. संचाने दिलेला आधार : मायक्रोफिल्म क्र. अमुक.’

लिंक जरूर छापा, पण योग्य ती. फॅमिलीसर्चच्या प्रत्येक नोंदीला ‘आर्क’ नावाचा कायमचा पत्ता असतो. त्यात ६१९०३ नंतर १:१ असेल तर तो इंडेक्समधल्या नोंदीचा पत्ता, ३:१ असेल तर प्रतिमेचा. संपादकाला टीप तपासायची झाली तर लिहिणाऱ्याने काय उघडलं होतं हे एवढ्यावरूनच कळतं. पत्त्यात प्रश्नचिन्ह आलं तर तिथून पुढचा भाग गाळा, नोंद त्याच्याशिवायही उघडते.

प्रतिमा दिसत असेल तर इमेज ग्रुप नंबर (फॅमिलीसर्चने त्या प्रतिमांच्या गटाला दिलेला क्रमांक) आणि ‘६५० पैकी २१४वी प्रतिमा’ असं दोन्ही द्या, शिवाय पानावर छापलेला किंवा शाईने लिहिलेला पान क्रमांक वेगळा द्या. हे दोन आकडे सहसा जुळत नाहीत, कारण फिल्मच्या सुरुवातीला शीर्षकाची पाटी, पुठ्ठा, कोरी पानं यांच्याही प्रतिमा असतात. एका फिल्मवर दोन-तीन रजिस्टरं लागोपाठ असली तर पान २० दोनदा-तीनदा येतं. अशा वेळी कोणत्या रजिस्टरचं पान, हे नाव घालून लिहा.

पाहिल्याची तारीख सोडू नका. बऱ्याच संचांत वापरकर्त्यांना इंडेक्समधलं नाव किंवा तारीख दुरुस्त करता येते, त्यामुळे आज दिसलेलं उद्या तसंच असेल असं नाही. तारखेसोबत पत्त्याची पट्टी दिसेल असा स्क्रीनशॉट ठेवा. कॅमेऱ्याच्या चिन्हावर किल्ली दिसली तर प्रतिमा अस्तित्वात आहे, फक्त घरून उघडत नाही, फॅमिलीसर्च केंद्रात किंवा संलग्न ग्रंथालयात जावं लागतं. तिथे ‘प्रतिमा नाही’ असं लिहू नका, ‘प्रतिमा मर्यादित’ लिहा.

नुसत्या इंडेक्सवरची नोंद घ्या, सोडू नका. पण मजकुरात ‘इंडेक्सनुसार’ हा शब्द यायलाच हवा. लोकांनी जोडलेले ऑनलाइन वंशवृक्ष मात्र आधारात धरू नका. ते शोधाची दिशा देतात, तेवढाच उपयोग.

उमरेड_रोड

वरच्या उत्तराशी सहमत. कोतवाल बुकाच्या पीडीएफबद्दल मात्र वेगळं सांगावं लागेल.

या पीडीएफ वंशावळीसाठी तयार झालेल्या नाहीत. २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, त्यानंतर जिल्हा प्रशासनांनी जुन्या दप्तरातून कुणबी नोंदी शोधल्या आणि त्यांच्या प्रती संकेतस्थळांवर टाकल्या. म्हणजे जातीच्या रकान्यात ती नोंद दिसली ती पानं निवडली गेली. त्याच गावाच्या त्याच सालातली बाकीची पानं तिथे असतीलच असं नाही. ‘कोतवाल बुक, मौजा अमुक, १९२०’ एवढंच लिहिलं तर पूर्ण बुक पाहिल्याचा भास होतो. ‘निवडक पानांची पीडीएफ’ असं स्पष्ट लिहा.

पीडीएफचं पान आणि बुकाचं पान हे दोन्ही द्या. एकाच फाइलमध्ये दोन गावांची पानं एकामागोमाग आली असतील तर पानाच्या माथ्यावर गावाचं नाव दिसतं का ते बघा. दिसत नसेल तर गाव तुम्ही फाइलच्या नावावरून घेतलंय, आणि तसंच टिपेत लिहा. सोबत टाइप केलेली यादी असेल तर तो इंडेक्स समजा. यादीतलं नाव आणि पानावरचं नाव वेगळं निघालं तर दोन्ही द्या, पानावरचं आधी.

जन्मनोंदी वापरताना जपून. बऱ्याच नोंदींत मुलाचं नावच नसतं, बापाचं नाव आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढंच असतं. चार भावंडांपैकी हे कोणतं, हे शाळेच्या दाखल खारीजवरून किंवा वयावरून तुम्ही ठरवता. ते ठरवणं तुमचं आहे, नोंदीचं नाही. टिपेत सरळ म्हणा : ‘नोंदीत मुलाचं नाव नाही, दाखल खारीजमधल्या जन्मतारखेवरून ओळख पटवली.’

सरकारी संकेतस्थळांची मांडणी बदलली की जुने पत्ते मरतात. फाइल उतरवून ठेवा, तिचं मूळ नाव बदलू नका, आणि पानाची प्रत इंटरनेट अर्काइव्हवर जतन करून तोही पत्ता टिपेत द्या. गाव, साल आणि बुकाचा प्रकार कळला की तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये नकलेचा अर्ज करता येतो. नक्कल हाती आली की तीच मुख्य आधार, पीडीएफ दुय्यम.

छावणी_लाइन

कामठीचा भाग मी सांगतो. फिबिसवर जे दिसतं तो बहुतेक स्वयंसेवकांनी केलेला इंडेक्स असतो. तिथे ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिस दप्तराचा क्रमांक दिलेला असतो : एन/१ म्हणजे बंगाल, एन/२ म्हणजे मद्रास, एन/३ म्हणजे मुंबई, पुढे खंड आणि फोलिओ (पान). कामठीत मद्रास फौजेच्या पलटणी असायच्या, त्यामुळे कामठीची नोंद एन/१ मध्ये सापडली नाही तर एन/२ ही चाळा. नागपूर आज महाराष्ट्रात आहे म्हणून फक्त मुंबईच्या एन/३ मध्ये शोधणारे रिकाम्या हाताने परततात.

आता महत्त्वाचं. या एन मालिका म्हणजे चर्चमधली मूळ रजिस्टरं नव्हेत. इथल्या पाद्र्यांनी आपल्या रजिस्टरवरून नकला करून पाठवल्या, त्या पुढे लंडनला गेल्या. फाइंडमायपास्ट या वंशावळीच्या संकेतस्थळावर त्यांच्या प्रतिमा दिसतात. म्हणजे स्वच्छ, रेखीव अक्षरातली प्रतिमा समोर असली तरी ती नक्कलच आहे, आणि नकलेत ओळ गळू शकते, आडनाव चुकू शकतं. मूळ रजिस्टर चर्चकडे किंवा धर्मप्रांताच्या दप्तरात शोधायचं. टिपेत ‘लंडनला पाठवलेल्या नकलेची प्रतिमा’ हे शब्द घाला, आणि फिबिसवरून फाइंडमायपास्टवर गेलात तर टीप फाइंडमायपास्टच्या प्रतिमेची द्या, फिबिसचा उल्लेख शेवटी एका वाक्यात.

तारखाही तपासा. बाप्तिस्म्याच्या नोंदीत जन्माची तारीख वेगळ्या रकान्यात असते, दफनाच्या नोंदीत मृत्यूची. इंडेक्समध्ये एकच तारीख आली तर ती कोणती, हे प्रतिमा पाहिल्याशिवाय ठरवू नका.

धंतोली_शाखा

सगळ्यांचे मनापासून आभार, टिपांचा साचा आता हाताशी आला. तीन गोष्टी राहिल्या. १८८० च्या नोंदीला संच ‘महाराष्ट्र’ म्हणतो, ते तसंच ठेवायचं? हरिद्वारच्या पंड्यांच्या (तीर्थपुरोहितांच्या) वह्यांमधलं साल इसवी सनात कसं आणायचं? आणि शोधूनही काही मिळालं नाही तर त्याची टीप द्यायची का?

इतवारी_दप्तर

संच जे म्हणतो ते टिपेत अवतरणात ठेवा, मजकुरात मात्र त्या काळचं ठिकाण लिहा. नागपूर १८६१ पासून मध्य प्रांतात, १९०३ पासून वऱ्हाड त्याला जोडलेलं, १९५० मध्ये मध्य प्रदेश, १९५६ मध्ये मुंबई राज्य, १ मे १९६० पासून महाराष्ट्र. जिल्हेही हलले आहेत : वर्धा १८६२ मध्ये नागपुरातून निघाला, गडचिरोली १९८२ मध्ये चंद्रपुरातून, गोंदिया १९९९ मध्ये भंडाऱ्यातून. गोंदियाकडचं १८९० चं रजिस्टर मागायचं तर भंडाऱ्याचं दप्तर आधी डोळ्यांसमोर यायला हवं. इंग्रजी संचांत नागपूर ‘नागपोर’, कामठी ‘कॅम्पटी’ अशा वळणाने लिहिलेली दिसतात, त्या स्पेलिंगनेही शोधा.

पंड्यांच्या वह्यांत साल विक्रम संवत असतं. चैत्रापासून डिसेंबरपर्यंतच्या नोंदीला ५७ वजा करा, जानेवारीपासून फाल्गुनाच्या अखेरीपर्यंत ५६. तुमच्या घरच्या टिपणांत शक असेल तर तसंच, ७८ मिळवा आणि जानेवारी ते फाल्गुनात ७९. शके १८१२ चा चैत्र १८९० मध्ये येतो, फाल्गुन १८९१ मध्ये. महिना वाचता येत नसेल तर ‘१८९०-९१’ असं जोडसाल द्या. वहीत लिहिलेलं मूळ साल आणि तिथी आधी, रूपांतर नंतर कंसात.

न मिळाल्याची टीप अवश्य द्या. कोणता संच, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, आडनावाची कोणती स्पेलिंग टाकली, तारा (*) आणि प्रश्नचिन्ह (?) कुठे वापरलं, कोणत्या दिवशी. फॅमिलीसर्चवर तारा कितीही अक्षरांच्या जागी चालतो, प्रश्नचिन्ह एकाच अक्षराच्या जागी, म्हणून ‘व’साठी व्ही की डब्ल्यू अशी शंका असेल तिथे प्रश्नचिन्ह टाका. आणि ‘नोंद नाही’ असं लिहू नका. ‘या तारखेपर्यंतच्या इंडेक्समध्ये या स्पेलिंगने सापडली नाही’ असं लिहा, म्हणजे पुढच्या आवृत्तीचे संपादक त्याच जागी पुन्हा न शोधता थेट प्रतिमांकडे वळतील.