गच्चीवरची बाजरी पोचट, मारवेलचं बी उगवत नाही

गच्चीकर_नागपूर:
नमस्कार मंडळी. जूनअखेर दोन कुंड्यांत बाजरीचं एकेक झाड लावलं. ऑगस्टमध्ये निसवलं, पण निम्म्याहून जास्त कणीस पोचट राहिलं. शेजारी मारवेल गवत आहे. त्याचं बी ऑक्टोबरात पेरलं, एकही कोंब नाही. गवताला मधमाशी लागत नाही म्हणतात, मग अडतंय कुठे? घरी बी कसं धरायचं?

रानशेत:
भाऊ, बाजरीत एकाच कणसातली मादी आधी जागी होते. पिसासारखे पांढरे स्त्रीकेसर बाहेर येतात आणि त्याच कणसाचे परागकोश साधारण दोन-तीन दिवसांनी लटकतात. म्हणजे केसर ताजे असताना पराग दुसऱ्या कणसाकडून यावा लागतो. दोनच झाडं, तीही वेगवेगळ्या दिवशी निसवणारी, तर वारा तरी काय आणणार? मधमाश्या बाजरीचा पराग न्यायला येतात, पण दाणे भरायला त्यांची गरज नसते.

त्यात ऑगस्टचा पाऊस. ओल्या हवेत परागकोश नीट फुटत नाहीत आणि सरीबरोबर पराग धुऊन जातो. नागपुरात गच्चीसाठी उन्हाळी बाजरी बरी: जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत पेरा, म्हणजे मेचं ऊन तापायच्या आत फुलोरा उरकतो. पारा ४२ अंशांपुढे गेला की पराग मरतो आणि दाणे भरत नाहीत.

एकाच मोठ्या टबात १०-१२ झाडं जवळजवळ लावा. फुलोऱ्यात सकाळी दव सुकल्यावर पराग झडणाऱ्या कणसावर कागदी पिशवी धरून टिचकी मारा. पिवळी भुकटी पडेल ती लगेच केसर बाहेर आलेल्या कणसावर झटका. संध्याकाळपर्यंत ठेवू नका, गवताचा पराग काही तासांतच निकामी होतो.

कुरणमित्र:
मारवेलचं गणित निराळं आहे. त्याची फुलं जोडीनं येतात. बिनदेठाच्या फुलाला लांब कुसळ असतं, दाणा त्यातच. देठाचं जोडीदार बिनकुसळाचं, नर किंवा वांझ. म्हणजे हातात आलेल्या 'बी'पैकी निम्मा भाग मुळातच भुसा. कुसळवाले वेगळे करून नखानं दाबून पाहा. आत टणक दाणा लागला तरच ते बी.

आणखी एक गोष्ट, जी मला फार मोलाची वाटते: मारवेलमध्ये बहुतेक वेळा गर्भ आईच्याच पेशीतून तयार होतो, फलन न होता. तरी दाण्यातलं पीठ भरायला पराग लागतोच. म्हणून चांगल्या झुडपाचं बी पेरलं तर रोप बहुधा त्याच गुणाचं येतं. झुडूप निवडताना चोखंदळ राहा.

तुरे टोकाकडून खाली पिकतात. जांभळट रंग जाऊन वाळक्या गवताचा आला की मूठ हलकेच खालून वर ओढा. पिकलेलं हातात येतं, कच्चं राहतं. दर तीन-चार दिवसांनी फेरी घाला, नाहीतर झडलेलं बी मुंग्या नेतात. सगळा तुरा एकदम कापला तर निम्मं कच्चं निघतं.

आणि न उगवण्याचं खरं कारण: ताजं बी झोपलेलं असतं. उन्हाळा जाऊ द्या, जूनमध्ये वरवर, अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा खोल नाही, असं पेरा.

गच्चीकर_नागपूर:
आभारी आहे. तुऱ्यांवर प्लास्टिकची पिशवी बांधली तर झडणं थांबेल का? आणि बी जूनपर्यंत कशात ठेवू?

कुरणमित्र:
प्लास्टिक नको, आत घाम धरून बुरशी येते. जुन्या ओढणीचा विरळ कपडा चालतो, तोही पराग झडून गेल्यावरच बांधा. आधी बांधला तर बाहेरचा पराग अडतो. बी आठवडाभर सावलीत वाळवून कागदी पाकिटात, पाकीट घट्ट झाकणाच्या डब्यात. तळाशी सिलिका जेलच्या पुड्या टाका. पाकिटावर नाव आणि गोळा केल्याची तारीख लिहा, कारण मारवेल आणि पवन्या (हेही कुरणातलं गवत) यांचं वाळलं बी सवय नसताना वेगळं ओळखणं कठीण जातं.

रानशेत:
बाजरीचा दाणा खुडायच्या आधी त्याच्या बुडाशी काळा ठिपका आलाय का पाहा. तो दिसला की दाणा भरून झाला. कणसातून चिकट गुलाबीसर रस गळत असेल तर तो अरगट, म्हणजे बुरशीचा रोग. असं कणीस बियाण्यातही नको आणि पाखरांनाही घालू नका.