स्मरणिका: श्रद्धांजलीच्या मजकुरात दुरुस्ती

प्रेषक: सचिव

सप्रेम नमस्कार. स्मरणिका शुक्रवारी छापायला जातेय. आपल्या मंडळाच्या माजी खजिनदार ताईंच्या मातोश्री पुण्यात गेल्या, त्यांच्यासाठी हा मजकूर केलाय:

'कै. मातोश्रींची प्राणज्योत वयाच्या ९३व्या वर्षी मालवली. त्या पंचतत्त्वात विलीन झाल्या तरी धर्मपरायण, आदर्श पत्नी व वत्सल माता म्हणून सदैव स्मरणात राहतील. त्यांनी काही काळ नोकरीही केली.'

ताई, गडबडीत असाल, पण एकदा नजर टाका.

प्रेषक: माजी खजिनदार (मुक्काम पुणे)

सचिवसाहेब, आवराआवर चाललीय, म्हणून तुकड्यातुकड्यांत लिहितेय. आपुलकीने लिहिलंत, पण छापू नका.

कै. म्हणजे कैलासवासी. आईचं जायचं ठिकाण वेगळं होतं आणि त्याबद्दल ती फार ठाम होती. आमच्यात ख्रिस्तवासी म्हणतात. पंचतत्त्वही नको, आम्ही तिला माती दिली, बाबांशेजारी. ते वाक्य वाचून धाकटा भाऊ पंधरा दिवसांत पहिल्यांदा हसला, तेवढे मात्र तुमचे आभार.

धर्मपरायण म्हणजे नक्की काय, ते सांगते. तिचं माहेर नगरचं. टिळकांची पदं (रेव्हरंड ना. वा. टिळक, लोकमान्य नव्हेत, पुण्यात हे जन्मभर सांगावं लागलं) पेटी-टाळांवर पाठ झालेली. १९५३ साली लग्न होऊन गुरुवार पेठेत आली ती पंचहौदच्या अँग्लिकन चर्चच्या मंडळीत. तिथे ऑर्गन, प्रार्थनापुस्तक, गुडघे टेकणं. आजी, म्हणजे बाबांची आई, वाँटेज सिस्टरांच्या (अँग्लिकन जोगिणींच्या) शाळेत शिकलेली. देवळात टाळ ही कल्पनाच तिला सहन होईना. आई देवळात गुडघे टेकायची आणि घरी पोळ्या लाटताना टिळक म्हणायची. पुढे १९७० साली अँग्लिकन, नगरकडची आणि आणखी काही मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. पाळकसाहेबांनी भर उपासनेत ते सांगितलं, तेव्हा आई आजीच्या कानाशी लागून म्हणाली, 'आपल्या घरात १७ वर्षांपूर्वीच झालंय.' आजी देवळात हसल्याची ती एकमेव नोंद.

आणि आता 'काही काळ नोकरीही'. १९५० ते १९८९! ट्रंक बोर्डावर, म्हणजे बाहेरगावचे कॉल जोडायला, टेलिफोन ऑपरेटर होती ती. कितीतरी वर्षं स्प्लिट ड्यूटी: सकाळी काही तास, मग घर, मग परत संध्याकाळी. मधल्या वेळात आमचं जेवण, आजीचं औषध, रॉकेलची रांग. रविवारी सकाळची उपासना संपली की प्रसादाला थांबल्यासारखं कोणाशी बोलत उभं राहायची सोय नाही, तडक एक्स्चेंज. (प्रसाद हा शब्द आईने खोडला असता. राहू दे.)

डोक्याला हेडसेट, समोर भोकांच्या रांगा, दिवा लागला की कॉर्ड खोचायची. ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग असे कॉलचे दर. तीन मिनिटं झाली की मध्ये बोलून सांगायचं. लोक नेमके रडायला लागलेले असायचे. 'मला ऐकू येतं, पण मी ऐकत नाही,' असं ती म्हणायची, आणि खरंच, त्या बोर्डावरची एक गोष्ट कधी तिने घरात आणली नाही. ऐन जेवणात गावभरच्या बातम्या सांगणाऱ्या बाबांना हे फार जड जायचं.

पानशेतचं धरण फुटलं त्या दिवशी, १२ जुलै १९६१, ती सकाळीच ड्यूटीवर गेलेली. मुंबईहून कॉलवर कॉल, आणि नदीकाठच्या पेठांतल्या लाइनी मुक्या. मुंबईच्या ऑपरेटरला ती नाव-पत्ता विचारून घ्यायची आणि कागदाच्या चिठोऱ्यांवर लिहायची. नियमात बसत नव्हतं. ती चिठोरी घेऊन बाबा दुसऱ्या दिवशी चिखलातून सायकल ढकलत नारायण पेठ, शनवार हिंडले. किती माणसं सापडली ते दोघांनीही कधी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही, याची मला आज चुटपुट लागते.

'आदर्श पत्नी'बद्दल बाबा असते तर बोलले असते. पगार स्वतःच्या नावावर ठेवण्यावरून दोघांचं एक वर्ष वाजलं होतं आणि आई जिंकली.

प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद

ताई, सांत्वनाचं पत्र लिहायला बसलो आणि हे वाचलं. १९७२ साली मी इकडे परदेशात आलो. घरी फोन नाही. वाड्यात खालच्या बिऱ्हाडाचा पी.पी. नंबर, म्हणजे फोन त्यांचा, आपल्या माणसाला हाक मारून बोलवायचं. कॉल नोंदवायचा आणि दिवसभर घराबाहेर पडायचं नाही. मुंबईमार्गे पुणे लागायचं. एकदा आईला जिना उतरायला वेळ लागला, तर पुण्याची ऑपरेटर म्हणाली, 'थांबा, येतायत त्या, पायऱ्यांवर आहेत.' तिला कसं कळलं असेल, हे कोडं मी बायकोला पन्नास वर्षं घालतोय. त्या तुमच्या मातोश्री तर नव्हेत?

प्रेषक: माजी खजिनदार

काका, हो म्हणायचा फार मोह होतोय. पण बोर्डावर बऱ्याच जणी होत्या आणि माझ्या आईने मला खोटं बोलू दिलं नसतं. पायऱ्यांचं कोडं सोपं आहे: खालच्यांनी रिसीव्हर बाजूला ठेवला की वाड्यातलं सगळं ऐकू यायचं, चपलांसकट. एवढं ती सांगायची.

त्याच हेडसेटने तिचा डावा कान गेला, असं तिचं म्हणणं. डॉक्टर वय म्हणायचे. म्हणून देवळात ती कायम डाव्या भिंतीला बसायची, उजवा कान वेदीकडे. परवा दफनाच्या उपासनेला कोणीतरी ती जागा आपणहून रिकामी सोडली होती.

प्रेषक: सचिव

ताई, शरमिंदा आहे. कै. काढलं, पंचतत्त्व काढलं, 'काही काळ' तर आधी काढलं. आता असं: 'ख्रिस्तवासी. जन्म नगर, १९३१. पुणे टेलिफोन एक्स्चेंजच्या ट्रंक बोर्डावर ३९ वर्षं ऑपरेटर. पंचहौद मंडळीच्या सभासद. मागे दोन मुलगे, एक मुलगी.' पत्नी, माता राहू देऊ का? आणि फोटो हवा, उद्यापर्यंत.

प्रेषक: माजी खजिनदार

राहू द्या, फक्त 'आदर्श' नको. नाताळच्या केकच्या डब्यावर आमच्या आडनावाची चिठ्ठी लावून ती बेकरीत भाजायला देणारी आई होती, आणि एका वर्षी दुसऱ्यांचाच केक घरी आला तर तो चांगला निघाला म्हणून परत न करणारीही होती.

फोटो पाठवतेय. हेडसेट घातलेला एकच आहे. त्यात शेजारणीचं कोपर आलंय, ते कापा.