बायपोलर आहे म्हणून मेनोपॉजचं कोणी ऐकूनच घेत नाही, काय करावं?

शुभंकर_सांगली
थोरल्या जाऊबाईंसाठी विचारते आहे. वय ४७. बायपोलर (मूड कधी फार चढतो, कधी फार खचतो तो आजार), बरीच वर्षं लिथियम आणि लॅमोट्रिजिन या मूड स्थिर ठेवणाऱ्या गोळ्यांवर, आणि त्या बाजूने सगळं स्थिर. हल्ली पाळी दोन-दोन महिने येत नाही, आली की धो-धो जाते. रात्री छातीपासून वर गरम वाफा येतात, गाऊन भिजतो, पहाटे झोप मोडते ती मोडतेच. गायनॅकनी गोळ्यांची यादी पाहिली आणि 'हे मूळ आजाराचंच, तिकडे दाखवा' म्हणून केसपेपर परत दिला. मनोविकारतज्ज्ञ म्हणतात, हे गायनॅकचं. एफएसएचचा (मेनोपॉजसाठी करतात ती रक्तातल्या हार्मोनची तपासणी) रिपोर्ट हातात असला तर ऐकतील का? आणि या औषधांवर हार्मोन्स चालतात का?

जास्वंद
एफएसएचवर पैसे घालवू नका. पंचेचाळिशीनंतर पाळी अनियमित आणि सोबत वाफा, घाम असले की निदान लक्षणांवरच होतं. या काळात एफएसएच आज चढा तर पंधरा दिवसांनी नॉर्मल, असं खालीवर होतं. नेमका नॉर्मल आला की 'बघा, मेनोपॉज नाहीच' म्हणून तोच कागद तुम्हाला दाखवला जाईल. (चाळिशीच्या आत पाळी थांबली असेल तर वेगळं. तिथे चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने दोनदा करतात.)

नोंदी ठेवा, चार ते सहा आठवडे. वाफा किती वाजता आणि किती वेळा. कपडे बदलावे लागले का. पाळीत दिवसाला किती पॅड, गाठी पडल्या का. रात्री आधी घाम आला की आधी जाग आली, हे आवर्जून लिहा. शेवटी मूडला ० ते १० मधला एक आकडा.

ओपीडीत वही कोणी चाळत नाही, म्हणून एका पानावर उतरवा. वर वय आणि शेवटच्या पाच-सहा पाळ्यांच्या तारखा, मग रक्तस्राव, घाम, झोप. आजार आणि औषधं खाली, पण पूर्ण डोसांसह. लपवायचं काही नाही. फक्त पहिलंच वाक्य 'बायपोलर आहे' असलं की पुढचं सगळं त्याच खात्यात जमा होतं. 'चिडचिड होते, रडू येतं' हेही शेवटी सांगा. मेनोपॉज रेटिंग स्केल भरून जोडा: ११ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४ गुण, बेरीज १७ किंवा जास्त म्हणजे तीव्र.

तरीही 'मूळ आजाराचंच' म्हणाले तर शांतपणे विचारा, "स्थिर असलेल्या बायपोलरने पाळी दोन महिने पुढे जाते का? नाही, तर ती कशाने जाते, आणि ते तपासायला काय करायचं?" उत्तर केसपेपरवर लिहून मागा. लिहायची वेळ आली की उत्तर बरंच काळजीपूर्वक दिलं जातं.

गोळीपाकीट
हार्मोन्सबद्दल. मानसिक आजार हे एचआरटी (मेनोपॉजमधली हार्मोन्सची उपचारपद्धती) नाकारायचं कारण नाही. स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या, यकृताचा चालू आजार, कारण न कळलेला रक्तस्राव ही कारणं आहेत. इथे शेवटचं लागू पडतं. पंचेचाळिशीनंतर असा रक्तस्राव असेल तर आधी सोनोग्राफी आणि गर्भाशयाच्या अस्तराची बायोप्सी व्हायला हवी, त्यावर अडून बसा. गर्भाशय असेल तर इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन लागतंच; त्याने झोप येते, म्हणून रात्री घ्यायचं, आणि झोपेची दुसरी गोळी चालू असेल तर ते सांगायचं.

आता खरी अडचण लॅमोट्रिजिनची. पाळी नियमित करायला म्हणून गर्भनिरोधक गोळ्या दिल्या जातात. त्यातल्या इस्ट्रोजेनने लॅमोट्रिजिनची रक्तातली पातळी निम्म्यापर्यंत उतरू शकते, आणि मूड घसरला की सगळे म्हणतात आजार उलटला. एचआरटीनेही ती उतरू शकते. गोळ्या थांबवल्या की उलट, पातळी वर चढते आणि चक्कर, डबल दिसणं सुरू होतं. तेव्हा हार्मोन सुरू करताना आणि बंद करताना, दोन्ही वेळा मनोविकारतज्ज्ञांना आधी कळलं पाहिजे.

वाफांवर व्हेनलाफॅक्सिन किंवा एस्सिटॅलोप्रामही देतात. ही अँटिडिप्रेसंट, म्हणजे नैराश्यावरची औषधं. बायपोलरमध्ये त्यांनी मॅनिया (मूड बेफाम चढणं) उसळू शकतो, म्हणून ते गायनॅकच्या एकट्याच्या चिठ्ठीवर सुरू होऊ नये.

तिसरा_मजला
दुसरी बाजू. सगळं मेनोपॉजवर ढकलणंही तितकंच महागात पडतं. घामाने जाग येते आणि दुसऱ्या दिवशी माणूस थकलेला असतो, ही एक गोष्ट. तीन तास झोपूनही तरतरी, बोलण्याला खळ नाही, खरेदी वाढली, ही दुसरी. त्यात गायनॅकची वाट बघत बसायचं नाही. पण पहिल्यातून दुसरी सुरू होऊ शकते, कारण बायपोलरमध्ये झोप मोडणं हाच मोठा ट्रिगर. मनोविकारतज्ज्ञांना 'वाफा येतात' म्हणून सांगू नका, 'घामामुळे आठवड्यातून इतक्या रात्री झोप मोडते' म्हणून सांगा. तो त्यांचा विषय आहे. गायनॅकच्या नावाने दोन ओळींची चिठ्ठी मागा: मूड स्थिर आहे, औषधं अमुक, मेनोपॉजच्या दृष्टीने तपासणी व्हावी. डॉक्टर डॉक्टरांचं ऐकतात.

वाफ आणि पॅनिक यांतही गल्लत होते. वाफ सहसा छाती-मानेतून वर चढते, काही मिनिटांत ओसरते, मग घाम आणि थंडी. पॅनिकमध्ये भीती पुढे असते: श्वास, मुंग्या, 'आता मरते'.

शुभंकर_सांगली
खूप उपयोग झाला. एक राहिलं. रक्तस्रावासाठी ट्रानेक्झॅमिक आणि मेफेनॅमिक अॅसिडची एकत्र गोळी दिली आहे, दिवसातून तीनदा. कालपासून घेत आहेत. चालेल ना?

गोळीपाकीट
आजच मनोविकारतज्ज्ञांना फोन करा. मेफेनॅमिक अॅसिडने लिथियम मूत्रपिंडातून कमी बाहेर पडतं आणि रक्तात साचतं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकचंही तेच. नुसतं ट्रानेक्झॅमिक मिळतं, दुखण्याला पॅरासिटामॉल चालतं. दोन्ही डॉक्टरांना विचारून बदला. हात जोरात थरथरणं, उलट्या-जुलाब, तोल जाणं, बोबडं बोलणं यातलं काहीही दिसलं तर फोनची वाट बघू नका, लिथियमची पुढची गोळी न देता थेट इमर्जन्सीत न्या.

लिथियमच्या लेव्हलसाठी (रक्तातलं प्रमाण) रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी द्यायचं, म्हणजे सकाळची गोळी रक्त दिल्यावर. त्याच वेळी क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), टीएसएच (थायरॉइडसाठी), कॅल्शियम, हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा) करून घ्या. लिथियमने थायरॉइड मंदावतो, आणि मंद थायरॉइडनेही पाळी जास्त जाते. घाम फार जात असेल तर पाणी भरपूर. मीठ एकदम तोडायचं नाही, निर्जळी उपवास नाही. पाणी-मीठ कमी झालं की लिथियम चढतं.

वकिलीण_बाई
मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७. कलम २१ प्रमाणे मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला आरोग्यसेवेत शारीरिक आजाराच्या रुग्णाइतकीच वागणूक मिळाली पाहिजे. कलम २५ प्रमाणे आपले वैद्यकीय कागद पाहण्याचा हक्क आहे. पहिल्याच भेटीत कलम काढू नका, वातावरण बिघडतं. कागद अडवले किंवा तपासायलाच नकार दिला तर एक साधा अर्ज, जाऊबाईंच्या सहीने, प्रमुखांच्या नावे, पोच घेऊन.

जास्वंद
इतर वाचणाऱ्यांसाठी: रिस्पेरिडोन किंवा अॅमिसल्प्राइड ही मानसिक आजाराची गोळी चालू असेल आणि पाळी थांबली तर मेनोपॉज समजून बसू नका. या गोळ्यांनी प्रोलॅक्टिन (दूध येण्याचं हार्मोन) वाढून पाळी थांबते. तिथे प्रोलॅक्टिनसोबत एफएसएच करणं उपयोगाचं आहे: प्रोलॅक्टिन चढं आणि एफएसएच कमी किंवा नॉर्मल असेल तर संशय गोळीवर. पाळी फार दिवस बंद असेल तर हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनचंही विचारा. आणि ताई, लिथियमची लेव्हल किती आली ते इथे टाका.