देहभान, देहजाणीव आणि भास

डोळे मिटून हात डोक्यामागे नेला, तरी तो कुठे आहे हे आपल्याला ठाऊक असतं. स्नायू आणि सांध्यांतून ही खबर मेंदूकडे सतत जात असते. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ मध्ये या संवेदनेला इंग्रजीत 'प्रोप्रिओसेप्शन' असं स्वतंत्र नाव दिलं. मराठीत तिला 'देहजाणीव' म्हणावं की 'देहभान'? मला 'भान' हाच शब्द नेमका वाटतो.

क्रियापदं बघा. जाणीव होते किंवा करून द्यावी लागते, म्हणजे तिथे लक्ष जावं लागतं. भान असतं, राहतं, सुटतं, हरपतं. असतं तोवर कुणी त्याचं नावही काढत नाही. अचानक दिवे गेले तरी घास तोंडातच जातो, तो हाताच्या भानामुळे. आता तुमची जीभ कुठे टेकली आहे? हे वाचताच जी झाली ती जाणीव. ('शुद्ध' वेगळी. ती हरपली की दोन्ही जातात.)

पण 'देहभान' शब्दावर भक्तिपरंपरेचा हक्क जुना आहे. कीर्तनात देहभान हरपलेल्या वारकऱ्याचे पाय तालावरच पडतात, टाळही चुकत नाही. हरपतो तो 'मी', अंग नव्हे. म्हणून या संवेदनेसाठी मी 'अंगभान' सुचवेन. 'अंगवळणी' आपल्याकडे आहेच, त्यामुळे तो परका वाटणार नाही.

'भास' मात्र जपून वापरावा. भान आणि भास दोन्हींचं मूळ संस्कृतात प्रकाशणं, दिसणं हेच. पुढे एक खऱ्याकडे गेला, दुसरा खोट्याकडे. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात माणसाचा खरा हात पडद्याआड ठेवला आणि समोर रबरी हात. दोन्हींवर एकाच वेळी ब्रश फिरवल्यावर अनेकांना तो स्पर्श रबरी हातावर होतोय असं वाटलं. इथे 'भास' चालेल. पण अपघातात हात गमावलेल्या माणसाला त्याच हाताची मूठ आवळल्यासारखी वाटते, नखं तळव्यात रुततात. मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी अशा रुग्णांसाठी आरसा वापरला. शाबूत हाताचं प्रतिबिंब हरवलेल्या हाताच्या जागी दिसलं, की काहींची ती मूठ सैल व्हायची. हात नाही, पण कळ आहे. तिला 'भास' म्हटलं, की रुग्णाला आपण खोटं ठरवतो. मी तिथे 'नसलेल्या हाताची वेदना' असंच लिहीन, शब्द दोन जास्त झाले तरी.